रोहित्राच्या तेलातील वायू : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) तेलात विरघळलेल्या वायूंच्या तपासणीबद्दल, म्हणजे उपकेंद्रात ज्याला सगळे ‘डीजीए’ म्हणतात त्याबद्दल, आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. आत कुठे बिघाड झाला की तेल आणि कागदाचे आवरण यांचे विघटन होऊन हे वायू तयार होतात, आणि कोणता वायू किती वाढला यावरून बिघाडाचा अंदाज येतो. सर्व उत्तरे खनिज तेलाने भरलेल्या शक्ती रोहित्रांना धरून दिली आहेत. एस्टर तेलांत वायू वेगळ्या प्रमाणात तयार होतात, त्यामुळे येथील आकडे त्या रोहित्रांना जसेच्या तसे लावू नयेत.

प्रश्न : आमच्या एका रोहित्राचे सहा-सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेले तीन अहवाल माझ्यासमोर आहेत. एथिलीन 22, 34 आणि 58 पीपीएम (एका लिटर तेलात तितके मायक्रोलिटर वायू). मिथेन 19, 27 आणि 42. इथेन 12, 14 आणि 18. हायड्रोजन 15, 18 आणि 25. ऍसिटिलीन आढळलेले नाही आणि कार्बन मोनॉक्साइड जागचे हललेले नाही. तेल 30,000 लिटर आहे. तिन्ही अहवालांवर ‘मर्यादेत’ असा शेरा आहे. मग काळजीचे कारण आहे की नाही? (देखभाल अभियंता)

उत्तर : काळजीचे कारण आहे, पण घाबरण्याचे नाही. प्रयोगशाळेचा शेरा चुकीचा नाही. तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या) 60599 या मानकात वायूंची जी प्रातिनिधिक मूल्ये दिलेली आहेत, ती बिघाड सुरू होण्याची सीमारेषा सांगत नाहीत. सेवेत असलेल्या रोहित्रांच्या मोठ्या संग्रहात 90 टक्के नमुने ज्या पातळीच्या खाली आढळले ती पातळी एवढाच त्यांचा अर्थ आहे, आणि म्हणून तीही एकच संख्या नसून पट्टा असते. एथिलीनसाठी तो 60 ते 280 पीपीएम इतका रुंद आहे. तुमचे रोहित्र इतरांच्या तुलनेत आज कुठे आहे हे त्यावरून कळते. ते कोणत्या दिशेने आणि किती वेगाने चालले आहे हे मात्र त्याच्याच जुन्या अहवालांशी तुलना केल्याशिवाय कळत नाही. अनेक वर्षे 150 पीपीएम एथिलीनवर स्थिर राहिलेल्या रोहित्रापेक्षा, माझ्या मते, तुमचे 58 पीपीएमचे रोहित्र अधिक लक्ष देण्याजोगे आहे.

आता वेग पाहू. पहिल्या सहा महिन्यांत एथिलीन 12 पीपीएमने वाढले आणि दुसऱ्या सहा महिन्यांत 24 पीपीएमने, म्हणजे वाढीचा वेगच दुप्पट झाला. वार्षिक हिशेबाने हा वेग 48 पीपीएम होतो, आणि याच मानकात एथिलीनच्या वार्षिक वाढीचा प्रातिनिधिक पट्टा 32 ते 146 पीपीएम असा आहे. म्हणजे पातळी अजून पट्ट्याच्या खाली असताना वेग पट्ट्यात शिरलेला आहे. यानंतर पीपीएम सोडून प्रत्यक्ष वायूचे आकारमान काढावे. एका लिटर तेलात 24 मायक्रोलिटर या हिशेबाने 30,000 लिटरमध्ये 720 मिलिलिटर वायू तयार झाला. सुमारे 180 दिवसांत विभागला तर दिवसाला 4 मिलिलिटर. हा हिशेब करण्याची सवय फार थोड्या कार्यालयांत आहे, आणि ती असायला हवी. एकच बिघाड लहान टाकीत मोठा पीपीएम दाखवतो आणि मोठ्या टाकीत पातळ होऊन नजरेतून सुटतो. मिलिलिटरमध्ये मांडला की टाकीच्या आकारमानाचा हा पडदा दूर होतो.

निदानासाठीही एकूण आकडे न घेता वाढ घ्यावी. अखेरच्या अहवालातील एकूण आकड्यांवरून एथिलीन आणि इथेन यांचे गुणोत्तर 3.2 येते, आणि आयईसीच्या तक्त्यात 1 ते 4 हे गुणोत्तर 300 ते 700 अंश सेल्सिअसच्या बिघाडाचे धरले जाते. पण शेवटच्या सहा महिन्यांत जो नवा वायू आला तेवढाच घेतला तर 24 भागिले 4, म्हणजे 6 येते, आणि 4 च्या पुढचे गुणोत्तर 700 अंशांवरचा बिघाड दाखवते. तेलात आधीपासून साठलेला जुना, निरुपद्रवी वायू गुणोत्तरात मिसळून निदान सौम्य करत होता. मिथेन आणि हायड्रोजन यांचे गुणोत्तर वाढीवरून 2.1 येते, 1 पेक्षा जास्त. म्हणजे हा विद्युत स्रावाचा नव्हे, उष्णतेचा बिघाड आहे.

700 अंशांवरची जागा आणि तरीही कार्बन मोनॉक्साइड स्थिर, याचा अर्थ बहुधा तापलेला भाग उघडा धातू आहे आणि कागदाचे आवरण अजून त्यात सापडलेले नाही. संशयित दोन गटांत मोडतात. सैल झालेला जोड किंवा टॅप निवडकाचा (व्होल्टेज ठरवण्यासाठी वाइंडिंगचे वेढे कमी-जास्त करणाऱ्या भागाचा) झिजलेला संपर्क हा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात तापतो, त्यामुळे त्याची वायुनिर्मिती भारासोबत वरखाली होते. कोरची (लोखंडी गाभ्याची) एकाहून अधिक ठिकाणी भूमिशी जोडणी होऊन त्यात फिरणारा प्रवाह मात्र व्होल्टेजवर अवलंबून असतो, त्यामुळे भार कमी असतानाही वायू येतच राहतो. म्हणून पुढील नमुना सहा महिन्यांची वाट न पाहता महिन्याभरात घ्यावा, शक्य असल्यास त्या महिन्यात भार ठरवून कमी ठेवावा आणि वेगात काय फरक पडतो ते पाहावे. पुढच्या नियोजित बंदच्या वेळी सर्व टॅपवर वाइंडिंगचा रोध आणि कोरच्या विद्युतरोधनाचा रोध मोजावा. कोणत्या चाचणीवर अधिक वेळ घालवायचा हे या भाराच्या प्रयोगावरून बऱ्याच अंशी ठरेल.

प्रश्न : एकाच रोहित्राचे, एकाच दिवशी घेतलेले नमुने दोन प्रयोगशाळांकडे पाठवले. एकीने हायड्रोजन 48 सांगितला, दुसरीने 29. बाकीचे वायू जवळपास सारखे आहेत. कोणावर विश्वास ठेवावा? (उपकेंद्र प्रभारी)

उत्तर : प्रयोगशाळांना दोष देण्यापूर्वी सिरिंजकडे पाहावे. फक्त हायड्रोजनमध्ये मोठा फरक आणि बाकी सर्व जुळते, ही खूण बहुतेक वेळा नमुना घेण्यातील किंवा नेण्यातील चुकीची असते. 25 अंश सेल्सिअसला तेल आणि त्याला लागून असलेला वायू यांच्यात समतोल साधला की तेलातील हायड्रोजनची संहती वायूतील संहतीच्या फक्त 0.05 पट उरते. इथेनसाठी हाच गुणांक 2.4 आहे. याचा परिणाम हिशेबात घातला की चकित व्हायला होते. 50 मिलिलिटर तेलाच्या सिरिंजमध्ये 2.5 मिलिलिटर हवेचा बुडबुडा राहिला आणि वाटेत समतोल झाला, तर निम्मा हायड्रोजन बुडबुड्यात निघून जातो, तर इथेनचा जेमतेम दोन टक्के भाग जातो. इतरांना धक्का न लावता हायड्रोजन गायब होतो तो असा. तीन मार्गांची तोटी नीट बंद न होणे किंवा सिरिंजचा दट्ट्या झिजलेला असणे हीदेखील नेहमीची कारणे आहेत.

म्हणून नमुना घेताना व्हॉल्व्हमध्ये साचलेले तेल आधी पुरेसे वाहू द्यावे, सिरिंज त्याच तेलाने धुवून घ्यावी, नळीत बुडबुडे दिसत असताना भरू नये, आणि भरताना शिरलेला बुडबुडा तेथेच, त्याच क्षणी बाहेर काढावा. मात्र नंतर तेल थंड होताना सिरिंजमध्ये लहान बुडबुडा उमटला तर तो काढू नये. तो नमुन्याचाच भाग आहे आणि प्रयोगशाळेने तो तेलासह मोजायचा असतो. दट्ट्या अडकू नये, कारण तापमानाबरोबर तेलाचे आकारमान बदलते. प्रकाशात तेलाचे घटक बदलत राहतात, त्यामुळे सिरिंज झाकून न्यावी आणि प्रयोगशाळेत पोहोचल्यावर ती पडून राहणार नाही याची खात्री करावी. नमुन्याच्या पट्टीवर तारीख, तेलाचे तापमान, त्या वेळचा भार आणि कोणत्या व्हॉल्व्हमधून तेल घेतले हे लिहिलेले नसेल, तर तो आकडा पाच वर्षांनंतर कोणालाही वापरता येणार नाही.

एवढी काळजी घेऊनही दोन चांगल्या प्रयोगशाळांत मध्यम पातळीच्या आकड्यांत 15 टक्क्यांच्या आसपास फरक असू शकतो, आणि मापनाच्या किमान पातळीजवळ तो याहून बराच जास्त असतो. एथिलीन 1 वरून 2 वर गेले म्हणजे ‘दुप्पट’ झाले असे लिहिणारे टिपण मी गंभीरपणे घेत नाही. एकाच रोहित्रासाठी एकच प्रयोगशाळा वर्षानुवर्षे ठेवावी. बदलणे भागच असेल, तर निदान एकदा एकाच वेळी भरलेले जोडनमुने दोन्हीकडे पाठवावेत. नाहीतर प्रयोगशाळा बदलली त्या दिवशी आलेख उडी मारतो आणि ती उडी रोहित्राची होती की उपकरणाची हे शोधण्यात दोन वर्षे जातात.

प्रश्न : ऍसिटिलीन एकदम 0 वरून 16 पीपीएमवर आले. वरिष्ठांनी रोहित्र ताबडतोब बंद करण्यास सांगितले आहे. हायड्रोजन 6 आहे आणि बाकी वायू पूर्वीइतकेच आहेत. रोहित्रावर भारावस्थेत चालणारा टॅप चेंजर आहे. (कनिष्ठ अभियंता)

उत्तर : ऍसिटिलीनविषयी वरिष्ठांची धास्ती चुकीची नाही. तेलात हा वायू लक्षणीय प्रमाणात तयार व्हायला शेकडो अंशांचे, बहुधा 700 अंशांच्या पुढचे तापमान किंवा प्रत्यक्ष ठिणगी लागते. पण तुमच्या आकड्यांत एक विसंगती आहे. मुख्य टाकीत ठिणग्या उडत असत्या तर ऍसिटिलीनबरोबर हायड्रोजनही चांगलाच वाढला असता. येथे ऍसिटिलीन आणि हायड्रोजन यांचे गुणोत्तर 2.7 आहे, आणि हे गुणोत्तर 2 ते 3 च्या पुढे गेले की टॅप चेंजरमधील वायू मुख्य टाकीत येत असल्याचा संशय घ्यावा असे आयईसी मानक सुचवते. टॅप चेंजरच्या प्रत्येक हालचालीत संपर्कांवर ठिणगी पडतेच, त्यामुळे त्याच्या तेलात भरपूर ऍसिटिलीन असणे नैसर्गिक आहे. ते दोन वाटांनी मुख्य टाकीत येते : मधल्या पडद्याच्या किंवा आसाच्या सीलमधून तेल झिरपून, नाहीतर दोन्हींच्या कॉन्झर्व्हेटरमध्ये (तेलाचे प्रसरण सामावणाऱ्या वरच्या टाकीत) हवेची जागा सामाईक असल्यास वरच्या वर वायूच्या रूपाने.

दोन्ही कॉन्झर्व्हेटरमधील तेलाच्या पातळ्या, आणि पातळी बदलल्यावर एकीकडची पातळी घटून दुसरीकडची वाढते का, ते पाहावे. नमुना दोन-तीन दिवसांत पुन्हा घ्यावा. ऍसिटिलीन तेवढेच राहिले किंवा टॅपच्या हालचालींच्या प्रमाणात सावकाश वाढले, आणि हायड्रोजन व एथिलीन शांत राहिले, तर ताबडतोब बंद करण्याची गरज नाही. हायड्रोजनही सोबत वाढू लागला, तर मात्र वरिष्ठांचेच ऐकावे. गळती सिद्ध झाली तरी विषय संपत नाही, कारण टॅप चेंजरमधून येणारे ऍसिटिलीन खऱ्या बिघाडाच्या ऍसिटिलीनला झाकून टाकते आणि तपासणीतील सर्वांत मोलाचा साक्षीदार निरुपयोगी होतो. गळती दुरुस्त करून घेणे हेच बरे. तेल भरलेल्या टाकीवर नुकतेच वेल्डिंग केले होते का, हेही एकदा विचारून घ्यावे. त्यानेही ऍसिटिलीन येते.

प्रश्न : जुन्या रोहित्रात कार्बन मोनॉक्साइड 620 आणि कार्बन डायऑक्साइड 6,800 पीपीएम आहे. गेली काही वर्षे आकडे थोडे वरखाली होतात, पण वाढत नाहीत. कागद संपला असे समजावे काय?

उत्तर : नाही. हे दोन्ही वायू कागदाच्या सामान्य जुनाटपणातून सतत तयार होतात आणि काही भाग तेलाच्या ऑक्सिडीकरणातूनही येतो. शिवाय हवेशी संपर्क असलेल्या तेलात हवेतीलच कार्बन डायऑक्साइड 300 पीपीएमपर्यंत असू शकतो. तुमच्या आकड्यांत कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे गुणोत्तर सुमारे 11 आहे. हे गुणोत्तर 3 च्या खाली जाणे आणि त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढणे, असे दोन्ही एकत्र घडले तर कागद जळत असल्याचा संशय बळावतो. ऋतूंप्रमाणे होणारी वरखाली हालचाल ही बरीचशी कागदाची आहे, कारण थंड असताना तो हे वायू अधिक धरून ठेवतो आणि तापला की सोडतो. कागदाचे आयुष्य खरोखर जाणून घ्यायचे असेल तर तेलातील फ्युरान संयुगे, म्हणजे कागद झिजताना तेलात उतरणारी संयुगे, मोजावीत. नव्या कागदाचा बहुलकीकरण अंश (त्याच्या रेणूंच्या साखळीची सरासरी लांबी) 1,000 च्या आसपास असतो आणि तो 200 पर्यंत उतरला की त्यात यांत्रिक बळ उरत नाही. फ्युरानवरून या अंशाचा अंदाज येतो, कार्बनच्या दोन वायूंवरून येत नाही.

प्रश्न : तेलाचे फिल्टरेशन केल्यावर सर्व वायू जवळजवळ शून्यावर आले होते. दीड महिन्यात ते परत दिसू लागले. फिल्टरेशन नीट झाले नाही का?

उत्तर : फिल्टरेशन बहुधा नीटच झाले. कागद आणि प्रेसबोर्ड यांच्यात मुरलेले तेल यंत्रातून जात नाही. त्यातला वायू नंतर हळूहळू टाकीतील तेलात उतरतो. ही वाढ सुरुवातीला वेगवान असते आणि मग सपाट होते. खरा बिघाड असेल तर रेषा सपाट न होता चढतच राहते. म्हणून फिल्टरेशननंतर एका दिवसाने, एका आठवड्याने आणि एका महिन्याने, असे निदान तीन नमुने घ्यावेत, आणि नवी आधाररेषा त्यानंतरच मानावी. वाढत्या वायूंचा अहवाल आला म्हणून ‘आकडे खाली आणण्यासाठी’ फिल्टरेशन करण्याची प्रथा मला अजिबात मान्य नाही. तापलेला जोड फिल्टरेशनने थंड होत नाही. केवळ त्याच्या मागावर राहण्याचे साधन नष्ट होते.

प्रश्न : प्रत्येक अहवालावर डुव्हाल त्रिकोण काढावा काय?

उत्तर : काढू नये. मिशेल डुव्हाल यांनी 1974 मध्ये मांडलेला हा त्रिकोण मिथेन, एथिलीन आणि ऍसिटिलीन यांच्या टक्केवारीवर चालतो आणि त्यात ‘बिघाड नाही’ असा विभागच नाही. तिन्ही वायू 3-4 पीपीएम असलेल्या निरोगी रोहित्राचाही बिंदू कुठल्या ना कुठल्या बिघाडात पडणारच. आधी पातळी किंवा वेग यांवरून संशय निर्माण व्हावा, मग त्रिकोण काढावा.

प्रश्न : बसवलेला ऑनलाइन मापक दुपारी हायड्रोजन वाढलेला आणि पहाटे उतरलेला दाखवतो. रोज असे होते. मापक बिघडला आहे का?

उत्तर : बहुधा नाही. भार आणि हवेचे तापमान यांच्याबरोबर तेल तापते-निवते, कागद आणि तेल यांच्यातील वायूची देवाणघेवाण बदलते, आणि मापकातील पटलाची वायू आत घेण्याची गतीही तापमानावर ठरते. एका दिवसातील लाटेवर धोक्याची सूचना (अलार्म) लावली तर कर्मचारी आठवड्याभरात ती सूचना बंद करून ठेवतात. तेलाचे तापमान सारखे असतानाची मोजमापे एकमेकांशी ताडावीत, किंवा आठवड्याची सरासरी काढून तिचा कल पाहावा. सूचना पातळीवर तर लावावीच, पण वाढीच्या वेगावर आवर्जून लावावी. वर्षातून निदान एकदा प्रयोगशाळेच्या नमुन्याशी मापकाचा आकडा पडताळावा. दोन्ही आकडे तंतोतंत जुळण्याची अपेक्षा करू नये, दोन्हींतील फरक कायम राहतो का ते पाहावे. काही स्वस्त मापक हायड्रोजनबरोबर कार्बन मोनॉक्साइडचाही काही भाग मोजून एकच संख्या देतात, हे विकत घेण्यापूर्वी विचारून घेतलेले बरे.

प्रश्न : बुकहोल्ट्झ रिलेची सूचना आल्यानंतर तेलातील वायूंच्या तपासणीचा काय उपयोग? तोपर्यंत उशीर झालेला असतो ना? (विद्युत अभियांत्रिकीची विद्यार्थिनी)

उत्तर : 1921 मध्ये मॅक्स बुकहोल्ट्झ यांनी शोधलेला हा रिले तेलात न मावलेला, बुडबुड्यांच्या रूपाने वर आलेला वायू पकडतो; म्हणून सावकाश वाढणाऱ्या बिघाडाची खबर विरघळलेले वायू त्याच्या कितीतरी आधी देतात. पण सूचना आल्यावर दोन्हींची तुलना फार बोलकी ठरते. रिलेमध्ये जमलेल्या वायूतील प्रत्येक घटकाच्या पीपीएमला त्याच्या विद्राव्यता गुणांकाने गुणावे, म्हणजे तो वायू तेलाशी समतोलात असता तर तेलात किती असता ते कळते. समजा, रिलेतील वायूत हायड्रोजन 40,000 पीपीएम आहे, 0.05 ने गुणल्यावर 2,000 येतात. तेलाच्या नमुन्यात प्रत्यक्ष 1,900 च्या आसपास सापडले, तर बिघाड सावकाश चालू होता आणि तेलात आणखी वायू मावेनासा झाला. तेलात जेमतेम 150 सापडले, तर वायू इतक्या वेगाने बाहेर पडला की त्याला विरघळायला वेळच मिळाला नाही. तो बिघाड ताजा आणि जोरदार आहे, आणि मागील अहवाल स्वच्छ होता या आधारावर रोहित्र पुन्हा चालू करण्याचा विचारही करू नये. रिलेत फक्त नायट्रोजन आणि ऑक्सिजन सापडले, तर तेल भरताना राहिलेली किंवा पंपाच्या खेचबाजूने शिरलेली हवा असण्याची शक्यता अधिक. हे सगळे तेव्हाच कळते जेव्हा सूचना आल्यानंतर रिलेतील वायू आणि तेल, दोन्हींचे नमुने लगेच घेतले जातात. उशीर झाला की रिलेतला वायू पुन्हा तेलात विरघळू लागतो आणि दोन्ही आकडे आपोआप एकमेकांजवळ येतात.